साडेसहाची बेल

गुरुवार, संध्याकाळ

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. हिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, माझी साखर आटोक्यात आहे. उद्या सकाळी तुम्ही कुत्र्याला आमच्याकडे सोडायला याल तेव्हा हे पत्र हातात देईन. दारात उभ्या उभ्या बोलणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

कुत्र्याची काळजी नसावी. उद्या तुमच्या लग्नाच्या दिवशी तेवढं एक ओझं डोक्यावरून उतरवा. पाण्यासाठी पसरट पातेलं काढलं आहे. बाल्कनीच्या गजांत फट होती, तिथे जाळी बसवली. मी कोपऱ्यात जुनं पोतेरं अंथरलं होतं, ते हिने उचलून धुतलेली चादर घातली. म्हणाली, "साहेब येणार आहेत, त्यांना पोतेरं काय देताय?" नाव आमच्या मुलीनेच ठेवलेलं. स्वतःची जागा सोडत नाही आणि हाक मारली की आधी विचार करतो, म्हणून साहेब.

खाणं आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "किती दिवस राहणार कुत्रा?" म्हटलं, एक दिवस. त्याने मी निवडलेल्या पिशवीकडे पाहिलं. "आजोबा, ही वीस किलोची आहे. कुत्रा आहे की घोडा?" मी पैसे मोजले. पिशवी घरी आणून कपाटामागे ठेवली. हिने ती पाहिली.

त्या पिशवीचं तुम्हाला सांगायला हवं. मुलगी गेली त्या महिन्यात मी तुमच्याकडे साहेबांना मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाबा, तेवढं मागू नका." मी पुन्हा मागितलं नाही, पण तुमच्या घरी पुन्हा आलोही नाही. त्याला दोन वर्षं झाली. आता नवीन संसार, नवीन माणूस, तेव्हा कुत्रा इथेच राहू द्या, असं पत्र मी सोमवारी लिहून ठेवलं होतं. उद्या तेच तुमच्या हातात देणार होतो.

मंगळवारी तुमच्या होणाऱ्या पत्नींचा हिला फोन आला. काय द्यायचं, काय नाही, सगळं त्यांनी नीट सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "काकू, आणखी एक. साडेसहाला तो दाराशी जाऊन बसेल. हाक मारू नका, येणार नाही. कुणीतरी बाहेर जाऊन दार लावून घ्यायचं, आणि दोनदा बेल वाजवून आत यायचं. मग तो वास घेतो आणि जेवायला जातो."

आमची मुलगी शाळेत होती तेव्हापासून बेल दोनदाच वाजवायची. साडेसहाला ऑफिसातून तुमच्या घरीही तशीच येत असणार.

हिने विचारलं, "हे रोज कोण करतं?"

"मीच करते, येते तेव्हा. सुरुवातीला तो माझ्या मागे बघायचा, आणखी कुणी येतंय का ते. आता कमी बघतो."

फोन ठेवल्यावर आम्ही जेवायला बसलो.

अडचण अशी की आमची बेल बंद होती. हिला मी बिघडली म्हणून सांगितलं होतं. खरं तर मीच तार सोडवून ठेवली होती. त्या दिवसांत भेटायला लोक यायचे, आणि बेल वाजली की ही हातातलं टाकून दाराकडे धावायची. ते मला बघवेना. आज दुपारी स्टुलावर चढून तार जोडली. दोन मिनिटांचं काम. ही खाली स्टूल धरून उभी होती. म्हणाली, "तीस वर्षं लोकांच्या घरी वायरिंग केलंत, आणि घरची बेल दुरुस्त करायला कुत्रा यावा लागला." तार तुटलेली नव्हती हे तिला खालूनही दिसलं असेल. आधीपासूनच माहीत असेल.

साडेसहाला म्हटलं, एकदा करून बघू. ही बाहेर गेली, दार लावून घेतलं. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, शेजारी बोलत बसली. मग बेल वाजली. दोनदा.

मी दार उघडलं. आणि जावईबापू, मी हिच्या मागे बघितलं.

ही म्हणाली, "सरका अहो, मला आत येऊ द्या."

सोमवारचं पत्र मी आत्ताच फाडलं. साहेबांना परवा सकाळी घेऊन जा. रोज साडेसहाला बेल वाजवून त्यांना जेवायला उठवणारं माणूस तुमच्या घरी आहे. आमच्याकडे दोघंही दार उघडून मागे बघणारेच. पिशवी गाडीत ठेवून देईन, दोन महिने पुरेल.

उद्या लग्नाच्या रजिस्टरवर सही करताना आमचा विचार करून हात आखडू नका. परवा न्यायला एकटे येऊ नका, तिलाही आणा. तिला सांगा, जिन्यात दिवा लावला आहे आणि बेल चालू आहे. कशीही वाजवली तरी मी दार उघडीन.

तुम्हा दोघांचा,
बाबा