स्वच्छ लघवीला आलेली मागणी

चि. भाऊजींस,

वहिनीचा आशीर्वाद. तुमची पाठ, जाऊबाईंचे गुडघे आणि मुलांचा अभ्यास, यांपैकी काय सुधारले ते कळवा. मी बरी आहे. कंपनीच्या ट्रकवाल्याबरोबर तुम्ही धाडलेली रिकामी बाटली पोचली. शुक्रवारी तुमच्या शाखेत रंगखात्याची तपासणी आहे आणि तुमच्या नावावर माझी लघवी द्यायची आहे, हेही कळले. (माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही एवढे हक्काने काही मागितले नव्हते.)

आजवर कंपनी आमच्या रंगखात्याची तपासणी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला हात लागायच्या आत उरकायची. आदला दिवस घरी लोळून आलेल्या माणसाच्या लघवीत थिनर कुठून सापडणार? साहेब खूश, कामगार निरोगी. आता नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. त्या शिफ्ट सुटताना बाटली हातात देतात. ज्याच्यात जास्त निघेल त्याची रवानगी गोदामात, आणि रंगखात्याचा भत्ता बंद. त्यामुळे अख्ख्या खात्याला माझी आठवण झाली. मी पडले कँटीनमध्ये चहा करणारी, थिनरच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी. तेव्हा कंपनीतली सर्वांत निर्मळ लघवी माझीच. तुमचे दादा गेल्यावर मला बघून रस्ता बदलणारी माणसे आता विचारतात, ‘वहिनी, पाणी पिता ना वेळेवर?’

मुकादम तर हटूनच बसले. ‘आमची अब्रू तुमच्या हातात आहे’ म्हणाले. मी त्यांना पाणी घातलेला कोरा चहा दोनदा गाळून, गार करून दिला. (रंग छान जमला होता.) त्यांनी तो विश्वासाने स्वतःच्या नावावर जमा केला. डॉक्टरीणबाईंनी बोलावून शांतपणे विचारले, ‘हे तुमचंच का?’ मुकादम म्हणाले, ‘आत्ताचंच, ताजं.’ मग दाराशी माणूस उभा करून दुसरी बाटली भरून घेतली. तिच्यात ब्रश धुता आले असते म्हणतात. आता मुकादम गोदामात खोकी रचतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा खोकला थांबलाय, त्यामुळे ते बोलत नाहीत हे नीट ऐकू येते.

तुमच्या दादांवर रंगखात्यात असताना अशी वेळ कधी आली नाही. त्यांचे सगळे रिपोर्ट शेवटपर्यंत स्वच्छ होते. माणूस तेवढा गेला.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची,
वहिनी

ता.क. बाटली धुऊन, पुसून, रिकामीच परत पाठवते आहे. शुक्रवारी स्वतः भरा.

ता.क. आणखी एक. माझ्यावर रागवायचे असेल तर खुशाल रागवा. फक्त गोदामात बसून रागवा, आणि चांगले म्हातारे होईपर्यंत रागवा.