वळणावरचा भाऊ

९ ऑगस्ट, शनि. राखी पौर्णिमा
सकाळीच शेजारच्या कौसामावशी धापा टाकत दारात. वय ऐंशीच्या पुढं. "गुरुजी, देवानं कवच सोडलंय, बगायला या."
वळणावरच्या म्हसोबाचा शेंदराचा थर आख्खा गळून पडलेला, वीतभर जाड. आत कोरीव शिळा! तळाला गायी आणि त्यांच्यासाठी लढणारा माणूस. मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वर तोच पिंडीपुढं हात जोडून. माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ! छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, रोज इथूनच सायकल नेली. नमस्कार करून.
मावशीला सख्खा भाऊ नाही. सासरी आली तेव्हापासून राखी या दगडालाच. आजही बांधली. "उघडा पडला की माजा भाऊ," म्हणाली, आणि दगडाला लुगड्याचं धडपं गुंडाळलं. गळालेलं कवच बारवेत सोडायला एकटीच गेली.

१२ ऑगस्ट
मावशीला अर्थ सांगितला. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला, चंद्र-सूर्य असेतोवर आठवण राहावी म्हणून गावानं दगड उभा केला.
"म्हंजे खरंच कुनाचा तरी भाऊ व्हता?"
"असणारच."
"मंग मी काय खोटी न्हवते." लई खूश. लगेच शेंदूर-तेलाची वाटी काढली. मी अडवलं. म्हटलं, थांबा, फोटो काढायचेत, लोकांना दाखवायचंय.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला बोललो. "हा देव नाही, माणूस आहे. आपल्यातला." टाळ्या. सरपंचांनी शाल दिली. मी हरभऱ्याच्या झाडावर.
मावशी मागं उभी होती. टाळी वाजवली नाही.

४ सप्टें.
चार दिवस लेकीकडं अंबाजोगाईला होतो. एसटीतून उतरलो तर वळणच नाही. रस्ता सरळ. रस्त्याच्या रुंदीकरणात दगडाला वळसा घालायचं ठरलं होतं, ते रद्द. रस्त्याचा मुकादम म्हणाला, "दगड? फोडून भराईत गेला."
सरपंचांकडं गेलो. "गुरुजी, तुमीच म्हनलात देव न्हाई. मंग कावून वळसा घालायचा?" त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. खरंच विचारत होते.
शेंदरात होता तोवर हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी त्याला माणूस केलं.

११ सप्टें.
मावशी बोलत नाही. मला बघून दार लोटते. दर गुरुवारी येणारे तिचे धपाटेही आले नाहीत.

२ ऑक्टो. दसरा
सोनं द्यायला गेलो. घेतलं. उंबऱ्यातच उभी.
"त्या दिशी शेंदूर लावू दिला असता तुमी, तर..." आत गेली. घरी येऊन रडलो, बासष्टाव्या वर्षी.

१९ ऑक्टो.
नालीत वरचा तुकडा सापडला! चंद्र-सूर्य, आणि हात जोडलेला माणूस छातीपर्यंत. रफिक पंक्चरवाल्यानं हातगाडी आणली. "तुमी नका वाकू गुरुजी, मी धरतो." माझ्या ओट्यावर ठेवलाय, पोतं टाकून. बाकीचा डांबराखाली.
मावशीला सांगायला हवं. उद्या.

२१ ऑक्टो.
नाही सांगितलं.

२३ ऑक्टो. भाऊबीज
मावशी आली. ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, दिवा लावलेला. रफिकनं सांगितलं असणार. स्वतःच पोतं काढलं. पदरानं चिखल पुसला, खालच्या तुटक्या कडेवर हात फिरवत राहिली.
"लढनारा कुटं हाय?"
"रस्त्याखाली."
दोन ट्रक गेले रस्त्यावरून, ऊस भरलेले. ती प्रत्येक ट्रककडं बघत होती.
मग विचारलं, "गुरुजी, अर्ध्याला ओवाळलं तर चालतं का?"
एवढी पुस्तकं वाचली. पाणी आणतो म्हणून आत आलो, तो इथं लिहीत बसलोय. खिडकीतून दिसतेय. ताट मांडीवर तसंच आहे, दिव्यातलं तेल संपत आलंय.