आधी माझे दात करा

मी, खाली सही करणारी, धंद्याने कवळ्या बनवणारी, विधवा, वय सत्तरीच्या पुढे (किती पुढे ते जन्मदाखल्यात पाहावे, मी सांगणार नाही), पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या धाकाने तर नव्हेच, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. तेव्हाही मी शुद्धीवर होते, पण जगण्यावरून मन उडालेले होते, आणि अशा वेळी माणूस फार उदार होतो. त्या कागदाप्रमाणे सगळे घर नणंदेला गेले असते. वेळीच सावरले.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या एकुलत्या एका लेकीला. मागच्या खोलीत मी कवळ्या करते. तिथल्या भिंतीवर प्लास्टरचे शिंतोडे आहेत, ते खरवडू नयेत. खाली रंगच उरलेला नाही. बँकेत जे असेल तेही लेकीचेच.

कलम दुसरे. ज्या दंतवैद्याची कामे मी वर्षानुवर्षे केली, त्याने कवळ्या करणारे नवे यंत्र आणले आणि मला कळवायचे विसरला. त्याच्याकडून जबड्यांचे ठसे येईनासे झाले तेव्हा मला वाटले, लोकांचे दात एकाएकी मजबूत झाले की काय! त्याला मी काही देत नाही. फक्त एवढे नोंदवते की, त्याच्या स्वतःच्या तोंडातली वरची कवळी माझ्या हातची आहे आणि त्याच्या बायकोला हे अजून ठाऊक नाही. हे कलम मोठ्याने वाचावे.

पुढची कलमे कळायची तर मधली हकिकत सांगणे भाग आहे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात हकिकत लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग मरतं कोण, मी की तुम्ही?"

तर, काम गेले. त्याच सुमारास नवरा गेला. लेक दूरच्या शहरात नोकरीला लागली. आणि माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. एकेकटे आले असते तर मी एकेकाला पुरून उरले असते, पण ही मंडळी ठरवून एकत्र आली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. रडू येत नव्हते. रडायलासुद्धा काहीतरी हवेसे वाटावे लागते. दातांवर पोट भरलेल्या बाईला स्वतःचे दात घासावेसे वाटेनात, याहून जास्त काय सांगू? सकाळ झाली की वाटायचे, झाली का पुन्हा?

कलम तिसरे, ते याच काळातले. माझी नणंद शुश्रूषेला म्हणून येऊन राहिली. येताना मोजपट्टी घेऊन आली होती. मी पडल्यापडल्या पाहत होते, वन्सं पडद्यांसाठी खिडक्या मोजत होत्या. मोजून झाले की माझ्या उशाशी बसून म्हणायच्या, "अगं, सतत हसत राहावं. हसलं की सगळं ठीक होतं." म्हणून माझ्याकडची नमुन्याच्या दातांची मोठी काचेची बरणी मी वन्संना देते. ते दात सतत हसत असतात. त्यांनी ती दिवाणखान्यात ठेवावी.

आता खालच्या मजल्यावरचा ट्रम्पेटवाला. बँडमधून निवृत्त झालेला, एकटा, आणि रोज संध्याकाळी त्याच दोन धुनांची कत्तल करणारा. त्या दिवसांत मला एकच गोष्ट सुखाची वाटली: ट्रम्पेट अचानक बंद पडले. म्हटले, चला, देवाला निदान कान तरी आहेत.

चार-पाच दिवसांनी तो तोंडाला टॉवेल लावून दारात उभा. जिन्यावरून घसरला होता, वरचे पुढचे दात गेले होते. वन्संनी त्याला बाहेरूनच सांगितले, "तिला बरं नाही." तो सरळ आत आला.

मी भिंतीकडे पाहतच म्हटले, "माझा हात थरथरतो. काम मी सोडलंय. आणि खरं सांगू का, मला आता जगायचंच नाही."

त्याने तोंडावरचा टॉवेल काढला. मग म्हणाला, "बरं. पण आधी माझे दाफ करा."

पुढचे दात नसलेल्या माणसाला 'दात' म्हणता येत नाही. मला हसू आले. ते इतक्या दिवसांनी आले होते की छातीत दुखले आणि वन्संनी डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी छाती तपासली, मग मला बाकीचे विचारले, आणि मी प्रथमच कोणाला तरी खरे सांगितले. त्यांच्या गोळ्यांनीही पुढे हात दिला, हे त्यांच्या समाधानासाठी नोंदवते.

दात करायला बसले तर कवळीचे मेण हातात हलायचे. ट्रम्पेटवाला समोर बसून माझे मनगट धरायचा आणि मी कोरायचे. पहिली कवळी त्याच्या घशात गेली असती. दुसरी घालून तो घोड्यासारखा दिसायचा. ती मी मुद्दाम दोन दिवस बदलली नाही. तिसरी बसली. ती घालून तो पूर्वीपेक्षाही वाईट वाजवतो. मी वरून काठी आपटते, तो आणखी जोरात फुंकतो. वन्सं कंटाळून आपल्या घरी गेल्या.

सगळे छान झाले असे समजू नये. अजूनही काही सकाळी ते सावट येते आणि छातीवर बसते. पण आता मी त्याला एकटीने तोंड देत नाही. खाली जाऊन कोणाशी तरी भांडते.

कलम चौथे. माझी सगळी हत्यारे, साचे आणि खिडकीजवळची खुर्ची ट्रम्पेटवाल्याला. त्याला त्यांचा काही उपयोग नाही, पण दुसऱ्या कोणी त्यांना हात लावलेला मला खपणार नाही. अट एकच: माझ्या अंत्यविधीला त्याने वाजवू नये. लोक आधीच दुःखात असतील.

कलम पाचवे आणि शेवटचे, लेकीसाठी. काल तुझा फोन आला. मी तुझ्या नोकरीवर, केसांवर, त्या सोडून गेलेल्या मुलावर, सगळ्यावर टीका केली. जन्मभर माझ्याशी कडाकडा भांडलेली पोर तू, आणि म्हणालीस, "तू म्हणशील तसं, आई." मी रात्रभर डोळा मिटला नाही. तो आवाज मी ओळखते, बाळा. म्हणून मी येते आहे. तू बोलावलेले नाहीस, आणि दार उघडले नाहीस तर शेजारणीकडे बसून तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगेन. प्रवास लांबचा आहे, म्हणून हा कागद आधी करून ठेवला. मरायला निघालेले नाही. कधी परत येईन ते तू मला कधी हाकलशील त्यावर आहे. नीट ओरडून हाकल. तेवढा जोर तुझ्या आवाजात येईपर्यंत मी हलणार नाही.

व्यवस्था पाहण्यासाठी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाईंना नेमते.

वरील मजकूर बाईंनी आम्हाला वाचून दाखवला, आमच्यासमोर सही केली आणि आमच्या अक्षराला नावे ठेवली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, याविषयी आम्हा दोघांना शंका नाही.

साक्षीदार: १. समोरचा चश्मेवाला (सही) २. तळमजल्यावरची शिक्षिका (सही)

लिहून ठेवणार: (सही)

ठिकाण: राहते घर, जिन्याचे तोंड, बॅगेवर बसून.
दिनांक: साक्षीदारांनी घालावा. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतो आहे.