आइलेनची पंधरावी आणि माझी तोरिनो

३ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. अठरा नोव्हेंबरला आमच्या लेकीची, आइलेनची पंधरावी, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचा थाटाचा सोहळा. हॉल ठरला, पांढरा झगा शिवायला टाकला, बाप-लेकीच्या वॉल्ट्झ नाचासाठी ती मला स्वयंपाकघरात गोल गोल फिरवते आहे. राहिली फक्त गाडी, आणि ती घरचीच. हॉलच्या दारात आइलेन उतरेल ती माझ्या तोरिनोतूनच. सहा वर्षांची असताना मागच्या सीटवर उभं राहून तिनं तसं जाहीर केलं होतं. ती विसरली असेल. मी नाही विसरलो.

तोरिनो अठ्ठ्याहत्तर सालची. दोन दारं, सहा सिलिंडर. सध्या जरा विश्रांती घेते आहे. मेकॅनिककडे न्यायची नाही. सगळं स्वतः करायचं. नुसती दुरुस्ती नाही, एका कार्बुरेटरच्या जागी तीन बसवायचे, रेसच्या गाड्यांना असायचे तसे. मुदत भरपूर आहे. मधेच काम संपून मला कंटाळा येईल, एवढीच काळजी.

बायकोला प्लॅन सांगितला. व्हिव्हियाना म्हणाली, आधी बाथरूमचा नळ. तिला दूरदृष्टी नाही.

१० सप्टेंबर, रविवार
इंजिन उघडायला मित्र आले. ठरलं होतं, आधी इंजिन, मग मांस. पण निखारे व्हायला वेळ लागतो, म्हणून आधी जाळ केला. पेटलेला जाळ सोडून कसं जाणार? मांस ठेवल्यावर तर हलायची सोयच नाही. जेवल्यावर कोण इंजिन उचलतो?
तरी बॉनेट उघडलं. हातात ग्लास घेऊन सगळ्यांनी आत पाहिलं. चर्चा फार वरच्या दर्जाची झाली. बरगड्या उत्तम भाजल्या होत्या.

२४ सप्टेंबर
इंजिन एकट्यानं उघडलं आणि बंद केलं. वाटीभर नट-बोल्ट उरले. गाडी तेवढीच हलकी झाली. हलकी गाडी जोरात पळते.

८ ऑक्टोबर
तिन्ही कार्बुरेटर बसले! गाडी चालू झाली! आवाज असा की शेजारचे बाहेर आले. समोरच्या एल्साबाईनं भिंतीवरून पडलेली तसबीर आणून दाखवली. मी तिला ताकद म्हणजे काय ते समजावून सांगितलं.
बेकरीपर्यंत जाऊन आलो. येताना पेट्रोल संपलं. तीन तोंडं आहेत, खाणारच.
शेवटी मेहुण्यानं ओढून आणली. ओरास्योचा टो ट्रक आहे. दिसला की मी नजर टाळतो. म्हणाला, दाजी, आइलेनला मीच सोडतो ना हॉलवर, माझ्या ट्रकला फुलंबिलं लावू. सगळ्या गल्लीसमोर म्हणाला. मी हसून सोडून दिलं. चार तास डोक्यात तेच.

१५ ऑक्टोबर
सायलेन्सर लोंबत होता. तारेनं बांधला. या देशात निम्म्या वस्तू तारेवर टिकून आहेत आणि दिमाखात चालतात. तार घरातच मिळाली.

१६ ऑक्टोबर
व्हिव्हियानानं विचारलं, कपडे वाळत घालायची तार कुठे गेली? मी म्हटलं, देशसेवेला. ती हसली नाही. ओले कपडे माझ्या उशीवर.

२९ ऑक्टोबर
गाडीखाली थारोळं. रेडिएटर गळतो. ओरास्यो म्हणाला, दाजी, नवा टाका, उगाच जिवाशी खेळ नको. नवा टाकायला अक्कल लागत नाही. जुने लोक रेडिएटरमध्ये मिरपूड टाकायचे, अंडं फोडायचे, की भोक आतून बुजतं. मी त्याच्याही पुढे गेलो. आपल्या माते चहाची हिरवी पत्ती! पाण्यात फुगते, चिकटून बसते, आणि घरात कधी कमी नसते. अख्खा पुडा ओतला.
गळणं थांबलं. एक थेंब नाही. हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

३० ऑक्टोबर
सकाळी माते प्यायला बसलो तर पत्ती नाही. व्हिव्हियाना चहाशिवाय ऑफिसला गेली. बोलणं बंद आहे.

५ नोव्हेंबर
टेस्ट ड्राइव्ह. चौकापर्यंत मख्खन. मात्र तापमानाचा काटा लाल खुणेवर जाऊन बसतो. काटा जुना झालाय, दुसरं काय? वायर काढून टाकली. आता काटा खाली आणि मन शांत.

११ नोव्हेंबर
आइलेन गॅरेजमध्ये आली. म्हणाली, पप्पा, खरं सांग, नाही जमलं तर मामाला सांगू. मी रागावणार नाही. मी म्हटलं, बाळा, विषयच नाही. ती थोडा वेळ मागच्या सीटवर बसली. मग म्हणाली, पूर्वी इथे उभं राहता यायचं.
म्हणजे विसरली नव्हती. मी पुसलेलं बॉनेट परत पुसलं. टेन्शननं नव्हे, आनंदानं. बहुतेक.

१८ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
धुतली, पुसली, पांढरी रिबन लावली. पांढरा शर्ट इस्त्री केला. आजचा दिवस माझा.

१९ नोव्हेंबर, रविवार
जसं झालं तसं लिहितो.
निघालो तेव्हा सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. गावच्या मध्यावरच्या प्लाझापर्यंत गाडी राणीसारखी चालली. कारंज्यापाशी सिग्नल लागला आणि बॉनेटमधून वाफ. मी उतरलो, फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण सैल केलं. झाकण उडालं. मागोमाग अख्खा पुडा उडाला. काचेवर, रिबनवर, माझ्या शर्टावर हिरवा चिखल. चटके बसले, पण थोडक्यात वाचलो. बाकावरचे म्हातारे ओरडले, अरे नेस्तोर, माते तयार झालं असेल तर इकडेही फिरव! साऱ्या प्लाझात तोच वास.
मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता.
ओरास्यो ट्रक घेऊन मागेच होता. म्हणाला, सहज चाललो होतो. ट्रकला फुलं लावलेली होती. आइलेनला म्हणाला, ये, पुढे बस, एसी आहे. ती गाडीतून उतरेचना. म्हणाली, मी तोरिनोतून जाणार असं ठरलंय. मामा, चढव वर.
अशी चढली आमची तोरिनो ट्रकवर, मागे झगा पसरून आइलेन, पुढे मी. वळणावर मी स्टिअरिंग वळवत होतो. हॉर्नही मीच वाजवला. हॉर्न तेवढा चालू होता, त्याला मी हात लावला नव्हता.
हॉलबाहेर लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. व्हिव्हियानानं कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली की मेकअप गेला. वॉल्ट्झला माझ्या खिशात पत्तीचा लगदा. आइलेन कानात म्हणाली, पप्पा, रडू नकोस, पत्ती अजून भिजेल.

२६ नोव्हेंबर, रविवार
ओरास्यो जेवायला आला. सगळ्या गावात त्याच्याच ट्रकचा बोलबाला. दोन मुलींच्या आयांनी पंधरावीसाठी बुकिंग केलंय. पण त्यांना तोरिनोही हवी, ट्रकवर, अगदी तशीच. म्हणाला, दाजी, चालू नसली तरी चालेल, फक्त पुसून ठेवा. आणि इंजिन काढून टाकलंत तर ट्रकला हलकं पडेल.
मी ताटावरून उठलो. त्या इंजिनात माझी अक्कल गेली आहे, असं ठणकावून सांगितलं. व्हिव्हियाना म्हणाली, हो, ती दिसते आहे.
मग आइलेन म्हणाली, पप्पा, स्टिअरिंगवर तूच बस. वळणावर तुझ्यासारखं कोणाला जमणार नाही.
विचार करतो म्हटलं. पण इंजिन काढायचंच असेल तर मेकॅनिक नको. मीच काढीन. एका रविवारचं काम आहे. मित्रांना बोलावलंय, मांस सांगून ठेवलं.