अकरा पोस्टकार्डं

आबा,

निवृत्तीला चार महिने राहिलेत आणि ऑफिसने एक फॉर्म हातात दिलाय. मेंदूवर आजवर किती शोधनिबंध छापले, आणि प्रत्येकाचा दाखला दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लिखाणात किती वेळा दिला, ते भरायचं. आमच्यात माणसाचं वजन यावरच ठरतं. सकाळपासून भरतेय, काही वाटत नाहीये. पहिल्या निबंधापुढे ‘दोन’ लिहिलं, तेव्हाही वाटलं नाही. त्यातला एक दाखला तर मीच माझ्या पुढच्या निबंधात दिलेला. म्हणजे धड एकच.

तो निबंध धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजातला. पाच वर्षं मी तिथे उंदराच्या मेंदूचे काप काढत होते, आणि केळीचा ट्रक धुळ्याकडे निघाला की तुम्ही त्यात बसून मला बघायला यायचात. एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ उभे राहिलात नि म्हणालात, ‘‘उंदराच्या डोस्क्यात काय पाह्यतं व एवढं? आपल्या घरी उंदरं कमी हायेत का?’’ सर पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निबंध छापून आला तेव्हा माझी भाड्याची खोली सुटणार होती, म्हणून त्यावर रावेरजवळच्या आपल्या घराचा पत्ता दिला. तेव्हा इंटरनेट कुठलं आलंय! परदेशात कुणाला निबंध वाचायचा असला की तो लेखकाला छापील कार्ड पाठवायचा, एक प्रत पाठवा म्हणून. माझ्याकडे पन्नास प्रती तयार होत्या. जळगावला नोकरी लागल्यावर दर सुट्टीत घरी येऊन विचारायचे, ‘‘आबा, काही टपाल?’’ तुम्ही आपल्या केळीच्या बागेकडे बघत म्हणायचात, ‘‘काई नाई.’’ दोन वर्षांनी तेच काम परदेशातल्या एका माणसाने छापलं. आजही सगळे त्याचाच दाखला देतात. मी समजून घेतलं की आपल्यात काही दम नाही, आणि गुमान शिकवायला लागले.

मग तुम्ही जळगावच्या दवाखान्यात. भर दुपार, पंखा बंद, मी टॉवेलने वारा घालतेय. तुम्ही उशाखालून बियाण्याची रिकामी पिशवी काढता आणि माझ्या मांडीवर ठेवता. आत अकरा पोस्टकार्डं, परदेशी तिकिटांची. ‘‘तुले बलावनं आलं व्हतं, पोरी. एकदा नाई, अकरा खेपा. बागेतल्या पान्याच्या मोटारीच्या खोलीत दडपून ठेवलं मी. मले इंग्रजी येत नाई, अन् कोनाले वाचाले देलं असतं तं गावभर झालं असतं. मले वाटलं, तू चालली जाशीन.’’ तुम्ही रडत होतात. मी एकेक कार्ड वाचलं. सगळ्यांवर तोच छापील मजकूर: आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. माझं नाव तेवढं हाताने भरलेलं.

राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, ‘‘मी गेलेच नसते, आबा.’’

‘‘गेली असती. तुहा सभाव मले ठावं हाये.’’

दुसऱ्या दिवशी नर्स सुई टोचायला आली, तर तुम्ही तिला सांगताय, ‘‘ह्या पोरीले अमेरिकेनं बलावलं व्हतं, बाप आडवा आला.’’ शेजारच्या खाटेवरचा म्हातारा माझ्याकडे वळून वळून बघत होता. नुसती प्रत मागितलीय हो आबा, मला कुणी बोलावलेलं नाही, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या छातीवरचं ओझं त्या क्षणी उतरलं असतं. मी सलाईन बघत बसले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात, मनात ते घेऊनच.

हे सगळं मी फॉर्मच्याच मागच्या बाजूला लिहून बसलेय. आता फाडावा लागेल, उद्या क्लार्ककडून नवा मागून घेईन. तुमचं मन मोडू नये म्हणून तेव्हा गप्प राहिले, असं आजवर मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला अकरा वेळा परदेशातून बोलावणं आलं होतं असं मानणारा जगात एकच माणूस होता, आणि तो मला गमवायचा नव्हता.