खेळातल्या ताईंचं टेबल

तीर्थरूप लेसिएलीताईंस,

धाकट्या भावाचा, सेमिसीचा, मान खाली घालून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे वावाउ बेटावर आम्ही सगळे धडधाकट आहोत. ऑकलंडची थंडी ओसरली असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? (मागच्या नाताळला गुडघ्यांमुळे तुमचं येणं राहिलं, त्याच्या आधी विमानात पाय लांब करता येत नाहीत म्हणून राहिलं. मी काही म्हणत नाही. गुडघे तुमचे आहेत.) पेसीचं लग्न जानेवारीत ठरल्याचं कळवलंच होतं. आत्या मानाच्या वरच्या चटईवर बसल्याशिवाय पोरीचं लग्न लागत नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको. तुमचं उत्तर आलं, "बघू." त्या एका शब्दावर पेसीने दोन दिवस जेवण सोडलं आणि तुमच्या भावजयीने, तोआकासेने, माझं डोकं खाल्लं.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. ताई, मी हॉटेल काढलंय, आणि ते जोरात चालतंय. घाबरू नका, जमीन विकलेली नाही. तुम्ही पेसीला टॅब पाठवला होता ना, त्यात एक खेळ आहे. त्यात आपणच माणसं बनवायची, त्यांना घर द्यायचं, जेवू-झोपू घालायचं, आणि वाटलं तर धंदा काढून द्यायचा. पेसी शिवणकामात गुंतल्यावर टॅब माझ्याकडे आला. अख्खा जन्म चर्चच्या पंगतींसाठी मी जमिनीत भट्टी लावली, डुकरं भाजली, अळूच्या पानांत मांस गुंडाळून लू बांधले. मला वाटलं, हॉटेल चालवणं म्हणजे काय, हातचा मळ.

सुरुवातीला पार वाट लागली. एका गिऱ्हाइकाने एक ताट मागितलं. एक ताट कुणी वाढतं का? मी त्याच्यापुढे अख्खं डुक्कर ठेवलं, वर कोनफळं, वर लू, आणि निघताना घरच्यांसाठी टोपली भरून दिली. आलेल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून तेही घेतले नाहीत. रविवारी अर्थातच बंद. खेळातल्या लोकांना रविवार कळत नाही, ते दाराशी उभे राहून हात हलवत बसले, आणि एक बाई चक्कर येऊन पडल्या. पेसी म्हणाली, "बाबा, हे हॉटेल आहे, चर्चची पंगत नाही." मी म्हटलं, "मग एवढी माणसं आलीत कशाला?" तेव्हापासून दर तिने लावले. रविवार मात्र मी सोडला नाही.

मग तिने सुचवलं, घरची माणसं बनवू. मला आचारी केलं, तोआकासेला गल्ल्यावर बसवलं, आणि मी मोठ्या हौसेने तुम्हांला बनवलं. केस, चष्मा, कमरेला गुंडाळायची चटई, सगळं तंतोतंत. आता बहिणीला कामाला कसं लावणार? खिडकीजवळचं सगळ्यांत चांगलं टेबल तुम्हांला दिलं, पहिला घास तुमचा, बिल कधीच नाही. पेसी म्हणाली, "एक टेबल कायमचं अडलं, हॉटेल बुडणार." पण झालं उलटंच. पेसीने खेळातल्या ताईंना हसरा स्वभाव दिला होता, आणि त्या खेळात एकाचा मूड दुसऱ्याला लागतो. तुमच्या शेजारी जो बसेल तो हसायला लागायचा, आणि हसणाऱ्याला माझा जळका लूसुद्धा गोड लागायचा. बघता बघता हॉटेलला पाचच्या पाच तारे मिळाले. संध्याकाळी कावा प्यायला बसणारी मंडळी आधी माझा टॅब बघून मगच वाटी हातात घ्यायला लागली.

आणि मग तो अळूचे कंद विकणारा आला.

ताई, पुढचं मी कसं लिहू? आपल्यात भावाने बहिणीच्या अशा गोष्टी बघायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. तो माणूस मागच्या दाराने गोणी घेऊन यायचा तो थेट तुमच्या (म्हणजे खेळातल्या ताईंच्या) टेबलाशी. आधी नुसतं बोलणं. मग ताईंच्या डोक्यावर एक छोटंसं लाल बदाम उगवलं. मी टॅब उशीखाली घातला आणि ओसरीवर जाऊन बसलो. तोआकासे म्हणाली, "अहो, ते चित्र आहे." मी म्हटलं, "चित्राला ताईंचं नाव आहे." त्यानंतर तो आला की मी ओसरीवर. पेसी आतून हाक मारायची, "बाबा, या आता, आत्या सूप पितेय." मी आत येईपर्यंत भट्टीने पेट घेतलेला असायचा, कारण आचारी मीच आणि मी ओसरीवर.

शेवटी मी त्याला दार बंद केलं. खेळात तशी सोय आहे. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्यापुरती कडी लावता येते. मला वाटलं, भावाचं कर्तव्य केलं.

खेळातल्या ताई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या त्या चांगल्या टेबलावर चमचा धरून बसून राहिल्या. मी जवळ जाऊन विचारपूस केली की गुडघे चोळायच्या. (पेसी म्हणते अशी हालचाल त्या खेळात नाहीच, मी चष्मा पुसावा. पण मी पाहिलंय.) त्यांच्या शेजारी बसणारा प्रत्येकजण तसाच गप्प व्हायला लागला. मी लूमध्ये नारळाचं दूध वाढवलं, डुक्कर आणखी कुरकुरीत भाजलं, नवे पडदे लावले. ताटं भरलेली परत यायची. तारे एकेक करून गेले, आणि खेळातला मी, एवढा थोराड माणूस, फ्रीजशी उभा राहून रडायला लागलो. खरं सांगायचं तर, ताई, बाहेरचा मीही रडलो. बहिणीला सगळ्यांत चांगलं टेबल दिलं आणि तिथे तिला एकटं बसवून ठेवलं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं.

मी कडी काढली. तो आला, गोणी खाली ठेवली, समोर बसला. मी ओसरीवर गेलो नाही, नुसती खुर्ची जरा भिंतीकडे वळवली. मागून हसण्याचा आवाज आला. आता हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते.

एवढंच सांगायचं होतं. तब्येतीला जपा.

तुमचा धाकटा,
सेमिसी

ता. क. लग्नासाठी वरची चटई विणून झाली. बायकांना मी ती जरा रुंद विणायला सांगितली होती, दोघं आरामात बसतील एवढी. का, असं तोआकासेने विचारलं. मी म्हटलं, ताईंना गुडघे पसरायला जागा लागते.

आणखी ता. क. तोआकासेची चुलत बहीण तिकडे ऑकलंडला ओटाराच्या बाजारात जाते. तिने कळवलं की तिथे विलिसोनी नावाचे एक विधुर गृहस्थ अळूचे कंद विकतात आणि कुणा एका बाईंची पिशवी दर शनिवारी घरापर्यंत पोचवतात. मी हे ऐकलेलं नाही. तोआकासे हे चुलीला सांगत होती, आणि मी योगायोगाने तिथे होतो. खेळातल्या कंदवाल्याचं नावही विलिसोनी आहे. खेळ आपोआप नावं देतो, असं पेसी म्हणते. पोरगी तुमच्यावर गेलीय, चेहऱ्यावरची रेष न हलवता खोटं बोलते.

शेवटचा ता. क. लग्नाला अळूचे कंद कमी पडतील असं दिसतंय. (तोआकासे पाठीमागून वाचून हसतेय, आपल्या मळ्यात कंद इतके आहेत की काढायला माणसं पुरत नाहीत.) तरी तिकडून कुणी आणून देणारं असेल, तर त्यांनाच बरोबर घेऊन या. दाराला कडी नाही.