पाणभुंग्यांची पेटी

६ जानेवारी, सोमवार
कॉलेजच्या म्युझियमचं कपाट उघडलं आणि डोकंच फिरलं. पेटी नं. ९, लिमये सरांनी जमवलेले पाणभुंगे. तळाशी तपकिरी भुसा, भुशात केसाळ अळ्या मजेत फिरतायत. बारा टाचण्यांपैकी आठांवर नुसते वरचे कडक पंख उरलेत, पोट गायब. दोनांवर तर फक्त लेबल. सर रिटायर झाल्यापासून पेट्या माझ्या ताब्यात, आणि माझ्याच कारकिर्दीत हे! प्राचार्यांना सांगितलं. "मॅडम, किड्यांनाच कीड लागली?" आणि हसले. हसण्यासारखं काय आहे त्यात, देव जाणे.

७ जाने.
खाणाराही भुंगेराच. मोहरीपेक्षा जरासा मोठा. पाणभुंग्याला तळं हवं, वल्ह्यासारखे मागचे पाय हवेत, पंखांखाली हवेचा बुडबुडा भरून बुडी मारायला हवी. शेणकिड्याला ताजं शेण. याच्या अळीला पाण्याचा थेंबही नको, वाळलेलं प्रेत मिळालं की झालं. एरवी वर्गात तासभर कौतुक केलं असतं. आज नाही. सगळ्या पेट्या आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये. फ्रीजर मायक्रोबायोलॉजीचा, तिथल्या बाईंचं तोंड बघण्यासारखं.

९ जाने.
नेमका आज सरांचा फोन. वय चौऱ्याऐंशी, आवाज अजून वर्गातलाच. मानपाड्याच्या तळ्यांतल्या भुंगेऱ्यांची त्यांची यादी पुरी होत आलीय. "नऊ नंबरची पेटी घेऊन ये. यादीतला सत्ताविसावा. त्या नराच्या पुढच्या पायांवरच्या चकत्या मोजायच्यात." मादीला पाण्यात धरून ठेवायच्या चिकट चकत्या. जात ठरते ती त्यांवरून. हा नमुना एकच, आणि त्याच्या तळ्यावर आता सात मजली इमारत, म्हणजे दुसरा मिळणं नाही.
"आणते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

१० जाने.
राहवेना. फ्रीजर उघडून पाहिलं. टाचणी उजव्या पंखातून, अगदी सरळ. मधोमध टोचली की सर पेटीसकट वर्गाबाहेर काढायचे. पंख आहेत. खाली काही नाही. एकही पाय नाही. आधी रडू आलं, मग भयंकर राग.

१५ जाने.
पेट्या बाहेर काढल्या. नऊ नंबरच्या कोपऱ्यात, भुशाखाली, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या! या अळ्यांचे मोठे झालेले भुंगेरे फुलांतले परागकण खातात, फुलांबरोबरच आत येतात आणि अंडी घालतात. म्हणजे खंडेनवमी! दरवर्षी मायक्रोस्कोप, काचसामान, कपाट, सगळ्यांची पूजा. पूजेचं बघतात लॅबचे म्हात्रेकाका. बोलावलं आणि चांगलं झापलं.
"म्यॅडम, हार मी कपाटावर घातला. आत नाय."
"मग फूल काय उडत गेलं?"
काकांनी मोबाइल काढला. डिपार्टमेंटच्या ग्रुपवरचा फोटो. पेटी उघडी, नवी साडी, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी मी, आणि माझ्याच हातानं आत झेंडू ठेवतेय. खाली मीच लिहिलंय, 'आमची खरी शस्त्रं!'
"मना वाटला, तुमाना म्हायती हाय," काका म्हणाले.
माफी मागितली. नीट नाही, घाईघाईत. उद्या परत मागायला हवी.

१९ जाने., रविवार
नौपाडा, सरांचं घर. रिक्षात पेटी मांडीवर, दर खड्ड्याला जीव वर. सरांना सगळं सांगितलं, फोटोसुद्धा दाखवला. ते भिंगातून बराच वेळ बघत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"पुरावा नाही, तर नोंद नाही. सत्तावीस खोड."
म्हटलं, सर, तुम्ही स्वतः पकडलेला, लेबल आहे, तारीख आहे.
"तारखेला पाय नसतात."
मग यादी माझ्यापुढे सरकवली. "तूच खोड. माझा हात थरथरतो. आणि पुढच्या सोमवारी छापायला देऊन टाक."
त्यांच्यासमोर नाही जमलं. घरी घेऊन आले.

२२ जाने.
सकाळपासून तीनदा पेनाचं टोपण काढलं, तीनदा लावलं. खोडलं, तर मानपाड्याच्या त्या तळ्यात तो होता याचा कुठे मागमूसच नाही. नाही खोडलं, तर इतकी वर्षं सरांकडे शिकले काय? फूल माझं, पेनही माझंच. भयंकर वैताग आलाय स्वतःचा. नवऱ्यानं विचारलं, "एवढ्याशा किड्यासाठी?" त्याच्याशी बोलणं बंद केलंय.
संध्याकाळी सरांचा फोन.
"खोडलंस?"
"हो, सर."
"बरं" म्हणाले, बारीक आवाजात, आणि फोन ठेवला.
खोडलेलं नाही.